हलकी वॉलेट लायब्ररी लिहिताना आत काय घ्यावं, बाहेर काय ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोबाइल आणि ब्राउझर दोन्हींवर चालणारी, क्रिप्टो वॉलेट बांधायला कामी येईल अशी छोटी लायब्ररी लिहायची आहे. तिच्यात काय घ्यावं, काय सोडावं, पहिल्याच आवृत्तीत किती चेन (बिटकॉइन, इथेरियम अशी वेगवेगळी क्रिप्टो नेटवर्क) धराव्यात, आणि तयार लायब्ऱ्या असताना हा खटाटोप करावा का?

खटाटोपाचं आधी बोलतो. क्रिप्टोग्राफी स्वतः लिहायची नाही, हे पक्कं. सेकपी२५६के१ या वक्रावरचं, म्हणजे बिटकॉइनच्या की आणि सह्यांमागचं, गणित बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या मंडळींनी लिबसेकपी२५६के१ या सी लायब्ररीत वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलं आहे. जावास्क्रिप्टमध्येच राहायचं असेल तर नोबल नावाचा लायब्ऱ्यांचा संच आहे. तो लहान आहे, वाचता येतो आणि त्याचं ऑडिट झालेलं आहे. फक्त बिटकॉइनचं वॉलेट हवं असेल आणि रस्ट ही भाषा चालत असेल तर बिटकॉइन डेव्ह किट आधी पाहा. ते पुरलं तर नवीन काही लिहू नका. स्वतःच्या लायब्ररीला अर्थ येतो तो याच्या वरच्या थरात: सीड शब्द (वॉलेटचा बॅकअप म्हणून लिहून ठेवायचे शब्द), की तयार करणं, व्यवहार रचणं, तो तपासणं आणि त्यावर सही करणं. लोकांचे पैसे बहुतेक वेळा याच थरातल्या ढिलाईमुळे जातात, वक्राचं गणित कोणी फोडतं म्हणून नव्हे.

आता हलकेपणाकडे येऊ. बंडल किती किलोबाइटचं झालं हे आकडे मिरवायला बरे असतात, पण मी वेगळं माप लावतो: प्रायव्हेट कीला (पैसे खर्च करायची सही जिने होते त्या गुप्त आकड्याला) स्पर्श करणारा सगळा कोड एखादा जाणकार माणूस एका बैठकीत वाचू शकतो का? वाचू शकत असेल तर लायब्ररी हलकी. चाळीस किलोबाइटची लायब्ररी पंधरा परक्या पॅकेजेसवर उभी असेल तर ती माझ्या लेखी जड आहे.

हे माप लावलं की रचना आपोआप सुचत जाते. गाभ्यात चारच कामं ठेवा: एंट्रॉपीपासून (रँडम बिटांपासून) सीड, सीडपासून की, सही न झालेला व्यवहार वाचून तो नेमकं काय करतो ते सांगणं, आणि सही. गाभ्याला नेटवर्क माहीत नसावं, डिस्क माहीत नसावी, घड्याळसुद्धा माहीत नसावं. लागणारी प्रत्येक गोष्ट त्याला बाहेरून पॅरामीटर म्हणून मिळते आणि तेच इनपुट दिलं की कायम तेच आउटपुट येतं. याचा पहिला फायदा चाचण्यांना होतो, दुसरा ऑडिटला. आणि तिसरा, सगळ्यात मोठा: हाच गाभा उद्या नेटवर्क नसलेल्या, फक्त सही करणाऱ्या उपकरणावर एकही ओळ न बदलता चालवता येतो.

"सगळं बाहेरून" या नियमाला एकच अपवाद करा, रँडम बाइट्सचा. नवीन वॉलेट बनवणाऱ्या फंक्शनने रँडम बाइट्स थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच घ्यावेत, आणि ते मिळाले नाहीत तर एरर देऊन थांबावं. "नाहीच मिळाले तर दुसरा साधा जनरेटर वापरू" अशी पर्यायी वाट कोडमध्ये असताच कामा नये. २०२३ मध्ये लिबबिटकॉइन या लायब्ररीच्या कमांड-लाइन टूलमधली सीड बनवणारी कमांड मर्सेन ट्विस्टर जनरेटर वापरते आणि त्याला सुरुवातीचं बीज फक्त ३२ बिटांचं देते, असं उघड झालं. म्हणजे शक्यता एकूण सुमारे ४२९ कोटी, ज्या साध्या संगणकावरही चाळून काढता येतात. वापरणाऱ्याला दिसत होते मात्र व्यवस्थित २४ शब्द, सगळे यादीतले, चेकसम (चूक पकडायला जोडलेले बिट) बरोबर. कमकुवत सीड आणि भक्कम सीड डोळ्यांना सारखीच दिसते, म्हणून इथे सवलत नाही. बाहेरून एंट्रॉपी घेणारं फंक्शन चाचण्यांसाठी लागेल. ते वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा आणि नावच असं द्या की ते चुकून वापरलं जाणार नाही.

सीड शब्दांसाठी बीआयपी-३९ घ्या (बीआयपी म्हणजे बिटकॉइनसाठीचे क्रमांकित प्रस्ताव). त्याचं गणित छोटं आहे: १२८ बिटांची एंट्रॉपी, तिच्या एसएचए-२५६ हॅशचे पहिले ४ बिट चेकसम म्हणून पुढे जोडायचे, १३२ बिटांचे ११-११ बिटांचे १२ तुकडे, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे २०४८ शब्दांच्या यादीतला एक शब्द. मग तो शब्दसमूह पीबीकेडीएफ-२ या की बनवणाऱ्या फंक्शनमधून २०४८ फेऱ्या फिरवून ६४ बाइट्सची सीड मिळते. दोन जागी सावध राहा.

पहिली जागा चेकसमची. तो फक्त ४ बिटांचा आहे, म्हणजे १२ शब्दांत एखादा चुकीचा शब्द पडला तरी साधारण १६ पैकी एका वेळी चेकसम जुळून जातो. तेव्हा वॉलेट परत आणताना "शब्द वैध आहेत" एवढ्यावर थांबू नका. मास्टर पब्लिक कीचं ४ बाइट्सचं फिंगरप्रिंट गाभ्याकडूनच परत द्या, म्हणजे ॲपला ते दाखवता येईल आणि माणसाला बॅकअपच्या वेळी लिहून ठेवलेल्याशी ताडून पाहता येईल.

दुसरी जागा पासफ्रेजची, म्हणजे शब्दांसोबत द्यायच्या ऐच्छिक गुप्त मजकुराची, आणि देवनागरीत लिहिणाऱ्यांनी तर ती नीट समजून घ्यावी. पासफ्रेज चुकली की बीआयपी-३९ एरर देत नाही. वेगळंच, पण पूर्ण वैध आणि रिकामं वॉलेट उघडतं. आता कोणी "दुसऱ्या" हा शब्द असलेली पासफ्रेज ठेवली असं धरा. त्यातला ऱ एका कीबोर्डवरून एकच युनिकोड चिन्ह म्हणून येतो, दुसऱ्यावरून र आणि नुक्ता अशी दोन चिन्हं. बीआयपी-३९ सांगतं की हॅश करण्याआधी मजकूर एनएफकेडी या युनिकोडच्या ठरावीक रूपात आणा. तसं केलं की हे दोन्ही प्रकार एक होतात. नाही केलं तर फोनवर बनवलेलं वॉलेट लॅपटॉपवर उघडत नाही. पण तेच जोडाक्षर र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह असंही टाइप होतं, आणि ते जोडचिन्ह एनएफकेडी काढून टाकत नाही. पडद्यावर शब्द तोच, बाइट्स वेगळे, सीड वेगळी. मी यावर असा नियम ठेवतो: नवीन वॉलेट बनवताना पासफ्रेजमध्ये अदृश्य चिन्हं असतील तर ती नाकारायची, जुनं वॉलेट परत आणताना मात्र ती स्वीकारायची, कारण ते दुसऱ्या कुठल्या ॲपने तशाच बाइट्सवर बनवलेलं असू शकतं.

सीडपासून की काढण्यासाठी बीआयपी-३२. इथली सगळ्यात कुप्रसिद्ध चूक पुढच्या शून्यांची आहे. प्रायव्हेट की हा ३२ बाइट्सचा आकडा. त्याचा पहिला बाइट शून्य असेल, जे २५६ पैकी एकदा होतं, आणि कोडने तो आकडा ३१ बाइट्समध्ये लिहिला, तर तिच्यापासून निघणाऱ्या हार्डन उपकी (ज्या फक्त प्रायव्हेट कीवरूनच काढता येतात) चुकीच्या निघतात. वॉलेट स्वतःपुरतं नीट चालतं. दुसऱ्या ॲपमध्ये तेच शब्द घातले की शिल्लक शून्य. बीआयपी-३२ मध्ये यासाठी खास चाचणी-नमुने घातलेले आहेत, ते सगळेच्या सगळे चालवा. दुसरी गोष्ट रचनेशी निगडित आहे: खात्याची एक्सपब (जिच्यावरून खात्याचे पत्ते काढता येतात ती पब्लिक की) आणि त्याखालच्या कुठल्याही एका साध्या, म्हणजे हार्डन न केलेल्या, पत्त्याची प्रायव्हेट की, ही दोन्ही ज्याच्या हाती लागतील त्याला खात्याची मूळ प्रायव्हेट की काढता येते. म्हणून "या एका पत्त्याची की एक्सपोर्ट करा" ही सोय लायब्ररीत देऊच नका. मागणारे बरेच भेटतील, पण आपली एक्सपब कुठल्या सर्व्हरला दिलेली आहे हे त्यांतल्या बहुतेकांना आठवत नसतं.

पैशाचा आकडा कायम पूर्णांक. जावास्क्रिप्टचा साधा नंबर २ च्या ५३ व्या घातापर्यंतच पूर्णांक अचूक धरतो, म्हणजे साधारण ९ वर १५ शून्यं. बिटकॉइनचे सगळे सातोशी (बिटकॉइनचं सगळ्यात लहान एकक), २१ वर १४ शून्यं, त्यात कसेबसे मावतात आणि म्हणून चूक लपून राहते. इथेरियममध्ये १ ईथर म्हणजे १ वर १८ शून्यं इतके वेई, ०.०१ ईथरलाच ही मर्यादा ओलांडते. बिगइंट वापरा, सातोशी आणि वेई यांचे टाइप वेगळे ठेवा, आणि दशांश चिन्ह गाभ्यात येऊच देऊ नका. "०.०१" अशा मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन बाहेरच्या थरात असावं आणि त्याने मध्ये कुठेही फ्लोट वापरू नये.

व्यवहार हा सगळ्यात समृद्ध आणि सगळ्यात धोक्याचा भाग. त्याचे तीन वेगळे टाइप करा: मसुदा, तपासलेला व्यवहार, सही झालेला व्यवहार. सही करणारं फंक्शन फक्त मधला टाइप घेतं, आणि तो टाइप तपासणीतून गेल्याशिवाय तयारच होत नाही. बिटकॉइनसाठी मसुद्याचं रूप नव्याने शोधू नका. पीएसबीटी (अर्धवट सही झालेला बिटकॉइन व्यवहार), म्हणजे २०१७ चं बीआयपी-१७४, नेमकं यासाठी आहे, आणि ते घेतलं की हार्डवेअर वॉलेट आणि मल्टिसिगची (अनेक कींनी मिळून करायच्या सहीची) दारं उघडी राहतात.

तपासणीचा मुख्य नियम: माणसाला जे दाखवायचं ते ज्या बाइट्सवर सही होणार आहे त्यांतूनच काढायचं. फॉर्ममध्ये काय भरलं होतं ते पडद्यावर पुन्हा दाखवणं म्हणजे तपासणी नव्हे. बिटकॉइनच्या व्यवहारात फी कुठेच लिहिलेली नसते. इनपुटची (खर्च होणाऱ्या आधीच्या रकमांची) बेरीज वजा आउटपुटची (दिलेल्या रकमांची) बेरीज, जे उरलं ते मायनरचं. जुन्या पद्धतीच्या सहीत इनपुटच्या रकमा येतच नाहीत. सेगविट या नंतरच्या पद्धतीत ज्या इनपुटवर सही करतोय त्याची रक्कम सहीत येते, पण बाकीच्या इनपुटची नाही. २०२० मध्ये हार्डवेअर वॉलेटना याच फटीतून एकाच व्यवहारावर दोनदा सही करायला लावून फुगलेली फी भरायला लावता येते, असं दाखवलं गेलं. टॅपरूट या त्याहून नव्या पद्धतीच्या नेहमीच्या सहीत सगळ्याच इनपुटच्या रकमा येतात आणि प्रश्न मिटतो. तोवर, टॅपरूट नसलेल्या प्रत्येक इनपुटसाठी मागचा पूर्ण व्यवहार मागून घ्या, त्याचा हॅश जुळवा आणि रक्कम त्यातूनच वाचा. सर्व्हरने सांगितलेली रक्कम नको.

उरलेल्या रकमेचा, म्हणजे चेंजचा, पत्ताही असाच तपासायचा. "हे चेंज आहे" असं मसुद्यात लिहिलेलं पुरेसं नाही. गाभ्याने स्वतःच्या कीवरून तो पत्ता पुन्हा काढून पाहावा. जुळला नाही तर ते परक्याला दिलेले पैसे म्हणूनच दाखवावेत.

फीचा हिशेब एका उदाहरणाने सांगतो, कारण इथे बरेच जण अडतात. हातात १,००,००० सातोशींचा एक सेगविट इनपुट आहे, पाठवायचे आहेत ६०,०००, दर आहे एका व्हर्च्युअल बाइटला (फीसाठी व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) १० सातोशी. एक इनपुट आणि दोन आउटपुट असलेला असा व्यवहार सुमारे १४१ व्हर्च्युअल बाइट्सचा होतो. फी १,४१०, चेंज ३८,५९०. सोपं. आता पाठवायचे आहेत ९८,५००. तोच हिशेब लावला तर चेंज येतो फक्त ९० सातोशी. सेगविट आउटपुटची डस्ट मर्यादा २९४ सातोशींची आहे, त्यामुळे असा व्यवहार नेटवर्कवरचे नोड पुढे पाठवणार नाहीत. मग चेंजचा आउटपुट काढून टाकायचा. व्यवहार ११० व्हर्च्युअल बाइट्सवर येतो, लागणारी फी १,१००, प्रत्यक्षात जाते १,५००. चेंज फीवर अवलंबून आणि फी चेंजवर. हे वर्तुळ रिकर्शनने सोडवत बसू नका. चेंजसहित आणि चेंजशिवाय असे दोन्ही हिशेब करा, त्यांतला चालणारा निवडा, आणि वरचे ४०० सातोशी फीमध्ये गेले हे सारांशात स्पष्ट दाखवा. कुठले इनपुट निवडायचे ते ठरवणारं फंक्शन बाहेरून देता येईल असं ठेवा. सोबत ब्रँच-अँड-बाउंड, म्हणजे चेंज उरणार नाही अशी इनपुटची जोडणी शोधणारी पद्धत, द्या. मार्क एर्हार्ट यांनी सुचवलेली ही पद्धत बिटकॉइन कोअरने २०१८ मध्ये ०.१७ आवृत्तीत घेतली. तिला चेंजविना जुळणारी जोडणी सापडली नाही तर मोठ्यापासून सुरुवात करणारी साधी निवड पुरते.

सहीबद्दल फार लिहीत नाही. नॉन्स (प्रत्येक सहीला लागणारा, एकदाच वापरायचा गुप्त आकडा) आरएफसी-६९७९ या मानकाप्रमाणे संदेश आणि की यांवरूनच काढा. २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या रँडम जनरेटरमधल्या दोषामुळे नॉन्स पुन्हा वापरले गेले आणि लोकांचे बिटकॉइन चोरीला गेले. सहीच्या दोन आकड्यांपैकी एस नेहमी लहान रूपात ठेवा. सही झाल्यावर ती पब्लिक कीने तपासूनच बाहेर द्या.

किती चेन? सुरुवातीला एक. दुसरी घ्याल तेव्हा "पत्ता आणि रक्कम द्या, पाठवतो" असा सगळ्यांना समान इंटरफेस बनवण्याचा मोह होईल. तो टाळा. बिटकॉइनमध्ये इनपुट, चेंज आणि डस्ट आहेत. इथेरियममध्ये खात्याचा क्रमांकी नॉन्स (व्यवहारांचा क्रमांक, सहीतल्या नॉन्सहून वेगळा), ईआयपी-१५५ चा चेन आयडी, ईआयपी-१५५९ ची दोन भागांतली फी (ईआयपी म्हणजे इथेरियमचे तसेच प्रस्ताव) आणि कॉन्ट्रॅक्टला (चेनवरच्या प्रोग्रामला) जाणारा डेटा आहे. समान इंटरफेस केला की हे सगळं झाकलं जातं, आणि झाकलेल्या गोष्टीतच पैसे बुडतात. दोन्ही चेनना खरोखर समान आहे ते सीड, की आणि सहीचं गणित. दुसरी चेन आली की तेवढं सामायिक गाभ्यात ठेवा आणि व्यवहार वाचण्यासकट बाकीचं प्रत्येक चेनच्या वेगळ्या पॅकेजमध्ये न्या, म्हणजे ज्याला फक्त बिटकॉइन हवं त्याच्या गळ्यात इथेरियमचा कोड पडणार नाही. इथेरियमच्या पॅकेजमध्ये एक पथ्य पाळा: डेटा उलगडून सांगता येत नसेल तर सारांशात तसं ठळक सांगायचं, नुसती शून्य ईथरची रक्कम दाखवायची नाही. शून्य रकमेच्या व्यवहारातूनही टोकनवरचा पूर्ण अधिकार देऊन टाकता येतो.

नेटवर्क हा चार-पाच फंक्शनचा इंटरफेस असू द्या, मागे इलेक्ट्रम सर्व्हर आहे, स्वतःचा नोड आहे की आणखी काही, ते वापरणाऱ्यावर सोडा. एक गोष्ट मात्र तुम्हीच बांधून द्यायला हवी. व्यवहार पाठवला आणि उत्तर येण्याआधी टाइमआउट झाला, याचा अर्थ "गेला नाही" असा होत नाही. "माहीत नाही" असा होतो. अशा वेळी ॲपने नवा व्यवहार रचला आणि त्यात वेगळे इनपुट निवडले गेले, तर दोन्ही व्यवहार वैध ठरतात आणि पैसे दोनदा जातात. म्हणून सही झालेले बाइट्स पाठवण्याआधी जपून ठेवायचे, पुन्हा प्रयत्न करताना तेच बाइट्स पाठवायचे, आणि फी वाढवून बदली व्यवहार करायचा असेल तर जुन्यातला निदान एक इनपुट त्यात असलाच पाहिजे. इथेरियममध्ये हेच काम तोच नॉन्स ठेवून होतं. हा नियम दस्तऐवजात लिहून भागत नाही. बदली व्यवहार बनवणाऱ्या फंक्शनने जुना व्यवहार मागितलाच पाहिजे.

मेमरीबाबत प्रामाणिक राहा. रस्टमध्ये झिरोआइझसारख्या क्रेटने (रस्टच्या पॅकेजने) की वापरून झाल्यावर पुसता येते. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग पुसताच येत नाही. बाइट ॲरे पुसता येतो, पण इंजिनने मध्ये प्रती केल्या असतील तर त्यावर आपला ताबा नसतो. सीड शब्द शक्य तितका कमी वेळ स्ट्रिंग म्हणून ठेवा, कीचा टाइप लॉगमध्ये छापला तरी आतले बाइट्स दिसणार नाहीत असा करा, एरर मेसेजमध्ये इनपुट परत लिहू नका. मोबाइल आणि ब्राउझर दोन्ही हवेत म्हणता, तेव्हा माझी पसंती रस्टच्या गाभ्याला. ब्राउझरसाठी त्याचं वेबअसेंब्ली (ब्राउझरमध्ये चालणारं बायनरी रूप) होतं. फक्त रस्टमधला, गुपित काहीही असलं तरी समान वेळेत चालणारा कोड वेबअसेंब्लीतही तसाच चालेल अशी हमी नसते, कारण ब्राउझर तो पुन्हा आपल्या पद्धतीने कंपाइल करतो.

परक्या पॅकेजेसबद्दल मी कडक आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजमागे आणलेल्या एका छोट्या पॅकेजमध्ये कोपे वॉलेटमधून की चोरणारा कोड सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये सोलानाच्या वेब३ जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या १.९५.६ आणि १.९५.७ या आवृत्त्यांत असाच कोड घुसला, कारण प्रकाशनाचा अधिकार असलेलं खातंच चोराच्या हाती गेलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबगसारखी जावास्क्रिप्ट पॅकेजेस बळकावून त्यांत व्यवहाराचा पत्ता बदलणारा कोड घातला गेला. गाभ्याला क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीखेरीज दुसरं काही लागू नये. हेक्स किंवा बेक३२ (सेगविट पत्ते लिहायची पद्धत) चं एन्कोडिंग शे-दोनशे ओळींचं काम आहे, ते स्वतः लिहा आणि अधिकृत चाचणी-नमुन्यांवर तपासा. बिल्ड असा ठेवा की दुसऱ्या कोणालाही त्याच सोर्समधून तेच बाइट्स मिळतील.

शेवटी आवृत्त्यांचा मुद्दा, कारण तो पहिल्या दिवशीच ठरवावा लागतो. की काढण्याचा डिफॉल्ट मार्ग बीआयपी-४४ वरून बीआयपी-८४ (सेगविट पत्त्यांचा) केला, एवढ्या एका बदलाने जुन्या वापरकर्त्याच्या पडद्यावर शिल्लक शून्य दिसते. पैसे जागेवरच असतात, पण ते त्या माणसाला कोण सांगणार? म्हणून डिफॉल्टवर काहीच सोडू नका. वॉलेट तयार होताच त्याचं पूर्ण वर्णन, बिटकॉइनसाठी बीआयपी-३८० मालिकेतलं डिस्क्रिप्टर, परत द्या आणि वॉलेट उघडणाऱ्या फंक्शनला ते सक्तीचं करा. पहिल्या आवृत्तीसाठी एवढंच पुरेसं आहे: डिस्क्रिप्टरवरून पत्ते दाखवणारं, की नसलेलं वॉलेट एका मशीनवर, सही करणारा गाभा नेटवर्क नसलेल्या दुसऱ्या मशीनवर, मध्ये पीएसबीटीची फाइल, आणि सगळं सिग्नेट या बिटकॉइनच्या चाचणी नेटवर्कवर. दोन्ही बाजू एकमेकींवर विश्वास न ठेवता हा व्यवहार पुरा करू शकल्या की इथेरियमचं पॅकेज लिहायला घ्या.